सरांचा नाच

सर कुणाच्याही घरी गेले की आधी दाराशी वाकायचे आणि तिथं पडलेल्या सगळ्यांच्या चपला जोडीनं ओळीत लावायचे. "लाइन पाहिजे मॅडम, बिलकुल लाइन," म्हणत मग आत यायचे. तुमच्याही शाळेत असे एक पीटीचे सर असतीलच. हे आमचे, राजूरचे. त्याच शाळेत मी मराठी शिकवते, आणि आमच्या दोन घरांमध्ये फक्त एक भिंत.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न ठरलं. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी तिथलीच. सरांच्या मनात सकाळी वंदना, त्रिशरण-पंचशील, हार आणि जेवण, एवढंच होतं. मुलाकडून मोबाइलवर यादी आली. तीन दिवस, पाच कार्यक्रम, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचे कपडे. सर फोन घेऊन माझ्याकडं आले.

"हे संगीत म्हंजे काय? गायचं असतंय का?"

"नाचायचं असतं सर. दोन्हीकडच्यांनी."

"आईबापानं पन?"

"नाचांच्या यादीत अकरावा नंबर बघा. वराचे आईवडील."

त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "पोरानं लिव्हलंय. मंग नाचावं लागंल."

त्यांच्या अंगणासमोरून विद्यार्थ्यांची ये-जा, म्हणून सराव माझ्या गच्चीवर, शाळा सुटल्यावर. गाणं माझ्या फोनवर. पहिले आठ दिवस सरांची कवायतच चालली होती. एक-दोन, एक-दोन. सरांच्या मिसेसचा, म्हणजे वहिनींचा, गुडघा दुखायचा, त्या मधूनच पायरीवर बसून हसायच्या. "अवो, परेड न्हाई ती. जरा ढिले व्हा." मग सर ढिलं होण्याचाही सराव करायचे. गाण्यात एक गिरकी होती. तेव्हा ते वहिनींचा हात इतक्या जपून धरायचे की मी दुसरीकडं बघायचे.

"बत्तीस वर्षांत चारचौघांत असा हात धरला न्हाई यांनी," वहिनी एकदा मला म्हणाल्या.

संगीत जालन्याच्या एका लॉन्सवर होतं. दुपारी संगीत, सहाला हळद. सर आणि वहिनी नवे कपडे घालून तासभर आधीच पडद्यामागं उभे. मी त्यांच्यासोबत. नववा नंबर झाला. दहावा नवरीच्या मैत्रिणींचा, त्यांना लोकांनी पुन्हा नाचायला लावलं. मग कार्यक्रम सांभाळणारी मुलगी घाईघाईनं आली.

"अंकल, सॉरी हं. हळदीला उशीर होतोय. तुमचं रिसेप्शनला बघू."

"अहो, पण यांनी दीड महिना..." मी बोलायला लागले. सरांनी हातानंच मला थांबवलं.

"बराबर हाय बेटा. टाइम झाला तर झाला."

समोर मुलगा मित्रांच्या खांद्यावर बसून नाचत होता. मी त्याला बोलवायला निघाले, तर सर म्हणाले, "राहू द्या मॅडम. खुश हाय तो." वहिनींनी वाकून गुडघ्याचा पट्टा सोडला. "चला, पिवळे कपडे घालायचेत अजून," त्या म्हणाल्या.

रिसेप्शनला कुणी काही बघितलं नाही.

गेल्या वर्षी सर शाळेच्या मैदानावर कोसळले आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले. पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी मुलगा लॅपटॉप घेऊन माझ्याकडं बसला होता. मोठा करून लावायला वडिलांचा एखादा हसरा फोटो तो लग्नाच्या फोटोंत शोधत होता. वहिनी दाराशी उभ्या होत्या.

"मॅडम, संगीताच्या एकाही फोटोत पप्पा न्हाईत."

"होते की. पडद्यामागं होते."

"अकरावा नंबर मी मुद्दाम ठेवला होता त्यांचा. लाजून लपले असतील ना?"

मी तोंड उघडलं. वहिनींनी माझ्याकडं बघून मान हलवली. नको.

"पाहुण्यांचं बघत होते," मी म्हणाले.

"वाटलंच मला," तो म्हणाला. "पप्पांना नाच आवडायचाच न्हाई." आणि त्यानं पुढचा फोटो उघडला.