दादाला हा आजार कुठून आला?

माझा मोठा भाऊ आज सकाळी गेला, आणि त्याला न्यायच्या आधीच शेजारच्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पण त्याला ते लागलं कुठून गं?"

ते म्हणजे हिपॅटायटिस बी.

सगळे दबक्या आवाजात विचारतात. म्हणून इथे मोठ्याने लिहिते.

दादा कोयलीला रिफायनरीत फिटर होता. दणकट माणूस. रविवारी सेव-उसळ, वर दोन पाव जास्तीचे.

मग पाय सुजायला लागले. लघवीला फेस यायचा. "उन्हाचं असेल," म्हणायचा.

तपासण्या झाल्या. किडन्या बऱ्याच खराब झालेल्या, आणि रक्तात हिपॅटायटिस बी. डॉक्टर म्हणाले, हा व्हायरस नुसतं लिव्हरच धरतो असं नाही, कधीकधी किडनीही धरतो.

घरात किडनीबद्दल कुणी विचारलंच नाही.

वहिनीने एकच विचारलं, "तुम्ही कुठे गेला होतात?"

"कुठेही नाही गं."

तिने मोबाइलवर वाचलं होतं. सुई, रक्त, संबंध. तिचा स्वतःचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. म्हणजे नक्की बाहेरूनच आणलंय!

तिने लस घेतली आणि दादाचं ताट वेगळं केलं.

मग दादाही संशय घ्यायला लागला. बाजवा गावातला न्हावी. दात काढणारा डॉक्टर. टायफॉइडमध्ये घेतलेलं इंजेक्शन.

डायलिसिस सुरू झालं, तर त्याचं मशीन वेगळं, कोपऱ्यात. बाकीचे गुजराती पेशंट बघायचे, काय झालंय विचारायचे. "मोटाभाई, तमने शुं थयुं छे?" दादा भिंतीकडे तोंड करून पडायचा.

ओळखीच्या काही लोकांनी आमच्याकडचा चहा घेणं बंद केलं. नावं घेत नाही. या पोस्टखाली कमेंटमध्ये हात जोडणाऱ्यांत तेही असतील.

एकदा डायलिसिसच्या नव्या डॉक्टरबाईंनी मला थांबवलं. "बेन, तमारो ने बानो टेस्ट थयो छे?"

माझा आणि आईचा? हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोघींचे रिपोर्ट पॉझिटिव्ह.

आईला कधी कावीळसुद्धा झाली नव्हती. डॉक्टरबाई म्हणाल्या, बाळंतपणात हा व्हायरस आईकडून बाळाला जाऊ शकतो, आणि इतक्या लहानपणी शिरला की बहुतेक वेळा निघत नाही. दादा तो जन्मापासूनच घेऊन फिरत असणार.

आई म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे?"

"तू काय मुद्दाम दिलास?" दादा म्हणाला. "तुलाही कुणाकडून तरी आलाच ना. आता त्याला शोधत बसू का?"

वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. सॉरी वगैरे काही म्हणाली नाही. जेवायला मात्र त्याचं पान आमच्या सगळ्यांबरोबर मांडलं.

पुढच्या खेपेपासून डायलिसिसला ती त्याच्या शेजारी बसायला लागली. कुणी टक लावून बघितलं की हीच खडसावायची, "शुं जुओ छो?"

आज सकाळी मशीनवर असतानाच त्याचं हृदय थांबलं. वहिनी जवळच होती.

माझी किडनी अजून ठीक आहे. तपासण्या चालू आहेत. माझ्या लेकीला जन्मतःच लस दिली होती, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे.

आणि आई मघापासून मला पुन्हा पुन्हा विचारतेय, "जाताना तो माझ्यावर रागावलेला नव्हता ना गं?"

नव्हता, आई.

दादा, ये आता. तुला माझा आणि आईचा शेवटचा नमस्कार.