रोवण्याची रजा

आंधळगावच्या आमच्या धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू होता, तेव्हा पोस्टमन तार घेऊन कडेच्या धुऱ्यावर आला. नौदलात कमांडर असलेला माझा दादा विशाखापट्टणमला हृदयविकाराने गेला होता. चिखलाच्या हातांनी मी तार धरली आणि पहिला विचार आला तो हाच, की त्याला सांगायचं होतं ते राहूनच गेलं...

वडिलांना लकवा झाला तेव्हा दादा नागपूरला कॉलेजात होता. मी शाळा सोडून शेती धरली, म्हणून तो शिकला, जहाजावर गेला. आपल्यापायी धाकट्याचं आयुष्य चिखलात गेलं, ही बोच त्याने जन्मभर बाळगली. खरं तर मॅट्रिकला दोनदा आपटलेला मी. शाळा सुटली तेव्हा हायसंच वाटलं होतं. शेती मला मनापासून आवडायची. पण हे त्याला कधी बोललो नाही. सारं गाव ज्याला सलाम ठोकतं तो माझ्यापुढे मान खाली घालतो, हे मला गोड लागत होतं. आज स्वतःची लाज वाटते.

त्या बोचणीपोटी तो रजा घ्यायचा ती रोवण्यालाच. एकाहत्तरच्या लढाईत जहाजावर असलेला माणूस वरठीला गाडीतून उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी गुडघाभर चिखलात उभा. "समुद्र केवढा असते जी, साहेब?" रोवणाऱ्या बाया विचारायच्या. "आपल्या तलावाची पल्याडची पार दिसते, त्याची दिसत नाही," तो म्हणायचा. ओळ अगदी शिस्तीत यायची, पण रोप इतकं वरवर खोचायचा की संध्याकाळी निम्मं पाण्यावर तरंगायचं. तो घरी गेला की बाया ते पुन्हा रोवायच्या. "साहेबाले सांगू नोका," मी त्यांना बजावायचो.

गेल्या आठवड्यात वहिनी आल्या. मी त्यांच्यापुढे सगळं ओकलो.

"भाऊजी, त्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "बाया मागून रोवतात तेही, अन् तुम्हाला शेतीच आवडते तेही."

"मग कायले येत होता दरसाल?"

"मीही विचारलं होतं. म्हणाले, माफी मागाले गेलो तरच तो मोकळं बोलते माह्यासंग."

निघताना वहिनींनी विचारलं, "क्वार्टर रिकामं करायचंय. तुमची खाट इकडे पाठवू का?"

"माझी खाट?"

"मागच्या खोलीतली. ते तिला तुमचीच म्हणायचे. पाहुणे आले तरी कोणाला झोपू देत नसत."

विशाखापट्टणमला मी एकदाही गेलो नव्हतो.