बाहीवरचं घड्याळ

तरुणपणी मी एक मूर्खपणा केला. नवऱ्याचं घड्याळ मनगटावर बांधून घर सोडून निघाले. बँकेच्या बदलीमुळे आम्ही जयपूरला आलो होतो आणि शास्त्री नगरातल्या दोन खोल्यांत माझा जीव घुसमटत होता. एका मासिकात अंतराळवीराचा फोटो पाहिला होता, जाड बाहीवरून घड्याळ बांधलेला. तसंच यांचं घड्याळ मी स्वेटरच्या बाहीवर चढवलं आणि आग्र्याकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले. रुबाब तर असा, की जणू चंद्र माझ्यासाठीच खोळंबला होता. जयपूरपासून जेमतेम तासाभरावरचं बस्सी गाव आलं आणि आठवलं, घड्याळाशिवाय यांना सकाळी बँकेत उशीर होणार. बाईसाहेब मुकाट्यानं उतरल्या, परतीची बस धरली आणि घरी सांगितलं, भाजी आणायला गेले होते.

जीव अजूनही थाऱ्यावर नाही. परवा मालवीय नगरला लेकीकडे टीव्हीवर पाहिलं. पैसेवाले पर्यटक यानात बसून अंतराळाच्या उंबरठ्यापर्यंत गेले. एका बाईच्या बाहीवर अगदी तसंच घड्याळ होतं. ती जराशी तरंगली, हसली आणि निघाली होती त्याच माळरानावर परत उतरली. मी खुर्चीत चुळबुळ करत म्हटलं, "अहो, मला पाठवाल का हो?"

आपल्या त्याच जुन्या घड्याळाला चावी देत, मान वर न करता हे म्हणाले, "एवढा पैसा ओतून शेवटी बस्सीलाच जाऊन आले की. आणि तू भाजी आणायला गेली होतीस ना, त्या बसमध्ये मागच्या सीटवर आमचे कॅशियर होते."