चार साधे बर्गर

आमच्या कुटुंबाचा पराभव विश्रांतवाडीतल्या एका बर्गरच्या दुकानात, रविवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी झाला. वेळेबद्दल शंका नको. ती पावतीवर छापलेली आहे. पराभव माझ्यामुळे झाला, हे पावतीवर नाही. पण घरात सर्वांना पाठ आहे.

थोडी पार्श्वभूमी देतो. मी एका दैनिकात एकतीस वर्षे उपसंपादक होतो. शेवटची काही वर्षे ग्राहकांचे पान माझ्याकडे होते. गिऱ्हाईक आपण होऊन खिसा कसा रिकामा करते, यावर मी त्या पानावर भरपूर लिहिले. मोठा ग्लास स्वस्त वाटावा म्हणून मधला ग्लास महाग ठेवतात. 'आज शेवटचा दिवस' ही पाटी वर्षभर टांगतात. 'मोफत' हा शब्द सर्वांत मोठ्या अक्षरात आणि अटी सर्वांत बारीक अक्षरात छापतात. वाचकांची आभाराची पत्रे येत. अशा एखाद्या दुकानात मी स्वतः मात्र कधी गेलो नव्हतो. (बातमीदार बाहेर फिरतात. उपसंपादक खुर्चीत बसून जगाला सावध करतो.)

वादाचे मूळ रविवारच्या मटणात होते. माझी आत्या भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली आणि आमच्याकडे राहायला आली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती मटणाचा रस्सा करते. त्या रश्श्याबद्दल मी इतकेच नोंदवतो, की सोमवार ते शनिवार हे सहा दिवस मी त्याच्या भरवशावर काढतो. मुलगी संघमित्रा खराडीला आयटी कंपनीत आहे. तिचे म्हणणे, रविवारी लसूण तिलाच सोलावा लागतो आणि तिची एकुलती एक सुट्टी त्यात जाते. तेव्हा रविवारी बाहेर जाऊन बर्गर खावेत. मी तिला माझ्या जुन्या पानाचा सारांश ऐकवला. अशा ठिकाणी माणूस शंभराचे खायला जातो आणि पाचशेचे खाऊन येतो, असे सांगितले.

"तुम्ही पण, बाबा?" तिने विचारले.

"मी सोडून," मी म्हणालो.

झाले. पैज लागली. मसुदा मीच केला, कारण घरात मसुदे मीच करतो. चौघांनी दुकानात जायचे, चार साधे बर्गर घ्यायचे आणि दाराबाहेर पडेपर्यंत त्यापलीकडे एकही वस्तू घ्यायची नाही. (संघमित्राने मुद्दाम काही घेतले, तर ते धरायचे नाही.) जमले, तर रविवारचे मटण कायम आणि लसूण मी सोलायचा. नाही जमले, तर दर रविवारी दुपारचे जेवण त्या दुकानात. चौघांनी सह्या केल्या. आत्याने कागद दोनदा वाचून सही केली. पत्नी सुनंदाने न वाचताच केली. निकाल काहीही लागो, एका वेळची भांडी वाचली तर तिला हवीच होती.

आमच्या बाजूचा कच्चा दुवा आत्या, असे माझे मत होते. कोणी प्रेमाने पुढे केलेले तिला नाकारता येणार नाही, म्हणून आदल्या दिवशी मी तिचा सराव घेतला. मी दुकानदार झालो आणि तिला चीज, सॉस, आइस्क्रीम असे एकेक विचारत गेलो. तिसऱ्या प्रश्नाला तिने पोथीवरून उचलावी तशी नजर भाजीवरून उचलली.

"ऑपरेशनच्या आधी पाणी मागणाऱ्याले मी तीस वर्षं नाही म्हटलं," ती म्हणाली. "तू मले कायले शिकवून राहिला बे?"

रविवारी एक वाजता आम्ही दुकानात शिरलो. काउंटरवर तिशीतली एक हसतमुख बाई होती. तिने कॉम्बो करू का, असे विचारले. मी नको म्हणालो. चीज घालू का? नको. बटाट्याचे काप? नको. फक्त तीस रुपयांत मोठे कोल्ड्रिंक? नको. मग तिने अखेरचे अस्त्र काढले. गरजू मुलांच्या शिक्षणासाठी पाच रुपये जोडू का, असे तिने अतिशय हळू आवाजात विचारले. मागे आठ माणसे उभी होती. ती आठही माणसे मुलांच्या बाजूची होती, हे मला पाठीला जाणवत होते. मी नको म्हणालो! (ते पाच रुपये मी दुसऱ्या दिवशी अन्यत्र दिले. नोंद असावी.)

बाईने मग आत्याकडे मोर्चा वळवला. "आजी, तुम्हाला आइस्क्रीम देऊ?"

"तू जेवली का?" आत्याने विचारले.

बाई गडबडली. सुट्टी तीन वाजता होते, तेव्हा जेवते, म्हणाली.

"मग आधी तू जेव. मले काऊन विचारून राहिली?"

पुढे तिने आम्हाला काहीही विचारले नाही. चार साधे बर्गर आले. दीड वाजेपर्यंत ते संपलेही होते (त्यांना फार वेळ लागत नाही). संघमित्राचा चेहरा उतरला होता. दार पंधरा पावलांवर होते आणि माझ्या तोंडाला अगोदरच रश्श्याची चव आली होती.

तेवढ्यात दुकानाचा मॅनेजर टॅब्लेट घेऊन आला आणि आपला अभिप्राय मिळेल का, असे अदबीने विचारता झाला.

इथे माझी बाजू समजून घ्यावी. एकतीस वर्षे मी इतरांची मते छापण्यायोग्य करून दिली. माझे मत कोणी विचारले नव्हते. मी चष्मा पुसला. सुनंदा म्हणाली, "अहो, चांगलं होतं एवढं लिहा आणि उठा." मी सहा मुद्दे लिहिले. साधा बर्गर फलकावर सर्वांत खाली का, मधल्या ग्लासाचा दर कोणत्या हिशेबाने, सर्व काही. मॅनेजरने ते उभ्याने पूर्ण वाचले. "सर, इतकं मुद्देसूद आजवर कोणी लिहिलं नाही," तो म्हणाला, आणि त्याने मला एक कूपन दिले. एक मोठा बर्गर मोफत.

हे बक्षीस होते, खरेदी नव्हे, असा निवाडा मी जागच्या जागी केला आणि काउंटरवर गेलो. तिथे बाईने कूपनाची मागची बाजू दाखवली. सहाशे रुपयांच्या खरेदीवर, फक्त आज. आता कूपन वाया घालवणे मला पटेना. मी चिकनची बादली घेतली. मग कापांचे चार मोठे पुडे घेतले. तरी वीस रुपये कमी पडत होते, म्हणून लहान मुलांचे खेळण्याचे पाकीट घेतले. वेळ एक चाळीस.

दोन ट्रे घेऊन मी विजयी मुद्रेने टेबलाशी आलो आणि "फुकट मिळालं" असे जाहीर केले. संघमित्राने पावती उचलली आणि आकाशवाणीवर बातम्या देतात तशी, एकेक जिन्नस वेगळा उच्चारत वाचून दाखवली. मग सव्वीस वर्षांच्या त्या मुलीने पाकिटातला प्लास्टिकचा डायनासोर माझ्यासमोर उभा केला.

पुढचा आठवडा मी मान खाली घालून काढला. रविवारी सकाळी मात्र नेहमीच्या वासाने जाग आली. नऊ वाजता टेबलावर रस्सा होता, भाकरी होत्या, कांदा चिरलेला होता. संघमित्राने कराराची आठवण करून दिली. आत्याने कागद तिच्यापुढे सरकवला.

"दुपारचं जेवण लिहिलं हाये. सकाळचं कुठं हाये, दाखव."

कंपनीत करार वाचणे हेच संघमित्राचे काम आहे. तिने तो दोनदा वाचला. मग लसूण कोणी सोलला, एवढेच विचारले. तो आदल्या रात्री आत्याने माझ्याकडून सोलून घेतला होता. मी बोटे पुढे केली. तिने वास घेतला आणि भाकरी मोडली.

करार मात्र आम्ही पाळतो. दर रविवारी एक वाजता चौघे त्या दुकानात हजर असतो, पोटात तिळाएवढी जागा नसताना. एक कॉफी चौघांत घेतो. कॉम्बोच्या चित्राकडे बघूनच संघमित्राला ढेकर येतो. काउंटरवरची बाई आता आम्हाला काही सुचवत नाही. गिऱ्हाइकांना बाहेरचे पदार्थ आत आणायला मनाई आहे, म्हणून आत्या रश्श्याचा डबा दाराबाहेरच त्या बाईच्या हाती देते. तीन वाजता, बर्गरच्या त्या दुकानात, आमचे मटण खाल्ले जाते. इतका निर्विवाद विजय मी माझ्या पानावरही कधी छापला नव्हता.

एकच खबरदारी घरच्यांनी ठेवली आहे. आत जाण्याआधी माझा मोबाइल आणि पाकीट संघमित्राच्या पर्समध्ये जातात, आणि मला काउंटरकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसवतात. त्या भिंतीवर सध्या एका नव्या फॅमिली पॅकची जाहिरात आहे. पूर्णपणे तटस्थ राहून सांगायचे, तर दर वाजवी आहे.