चौकातला अमेरिकेचा फ्लेक्स

अमेरिकेतल्या निवडणुकीच्या विजयाचा फ्लेक्स आमच्या सोलापुरात लावणारा माणूस आज सकाळी गेला.

सुदामकाका. माझी बालमैत्रीण वैशाली, तिचे वडील.

हसू नका. त्या फ्लेक्सचा मजकूर मीच लिहून दिला होता.

काका आधी ब्रशने पाट्या रंगवायचे. मग मशीन घेतलं आणि फ्लेक्सचं दुकान टाकलं. वाढदिवस, निवड, निधन, अख्ख्या भागाचे बोर्ड त्यांच्याकडेच. मी कॉलेजात मराठी शिकवते, म्हणून मजकुरासाठी मला हाक मारायचे.

"या मास्तरीणबाई, जरा दोन जड शब्द टाका की."

तिकडे तो नेता निवडून आला आणि इकडे आमच्या गल्लीतल्या पोरांना उधाण आलं. तो कधीतरी भारताबद्दल दोन शब्द गोड बोलला होता. पोरांना तेवढं पुरलं.

मी लिहिलं, "सातासमुद्रापारच्या झंझावाताचे हार्दिक अभिनंदन!" वर हात उंचावलेला तो. खाली शुभेच्छुकांची रांग, गॉगल लावलेली आमची पोरं.

रांगेतला शेवटचा फोटो काकांनी स्वतः टाकला. वैशालीचा. नावापुढे 'अमेरिका'.

तिला विचारलं नव्हतं. लेक तिकडे इंजिनिअर आहे याचा अभिमानच एवढा, की विचारायचं त्यांना सुचलं नाही. मलाही सुचलं नाही.

फ्लेक्सचा फोटो काढून त्यांनी तिला व्हॉट्सॲपवर पाठवला. थोड्या वेळात तिचा फोन. मी दुकानातच होते, फोन स्पीकरवर होता.

"बाबा, तो काढा."

"का गं? झ्याक दिसतोय की."

मग ती बोलली.

आठवड्याभरापूर्वी भाजी घेताना ती नीलशी, तिच्या सहा वर्षांच्या मुलाशी, मराठीत बोलत होती. कोथिंबीर घ्यायची की नको, एवढंच. मागे त्या नेत्याच्या प्रचाराची टोपी घातलेला एक माणूस उभा होता. तो सगळ्यांसमोर ओरडला, इथे इंग्लिश बोला, नाहीतर चालते व्हा आपल्या देशात. कोणीही मध्ये पडलं नाही.

तेव्हापासून नील घराबाहेर मराठी बोलत नव्हता. आई बोलायला लागली की तिच्या तोंडावर हात ठेवायचा.

"सभांमध्ये रोज तेच चाललं होतं, बाबा. बाहेरून आलेले असे आणि बाहेरून आलेले तसे. ते ऐकून लोक गप्प घरी जात नाहीत, आमच्या अंगावर येतात. आणि तुम्ही त्याच्या खाली माझा फोटो लावलाय. तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही!"

फोन बंद.

काकांनी मशीन बंद केलं. मग त्यांनी शिडी उचलली.

भर दुपारी, भर चौकात, साठी ओलांडलेला माणूस शिडीवर. पोरं जमलीच.

"काका, आमचे पण फोटो हायत की त्यात!"

"तुमचे नवीन करून देतो."

"अवो, तो चोरून घुसणाऱ्यांना बोलतोय. आपल्या वैशालीताईला न्हाय."

काका वरूनच म्हणाले, "वरडणारा काय कागदपत्रं बघून वरडतो व्हय?"

पोरं पांगली. मी शिडी धरली.

खाली उतरल्यावर फ्लेक्सची घडी घालत मला म्हणाले, "त्यो आवाज मला ठाऊक हाय. माढ्याकडं शाळेत असताना लई ऐकलाय. पाण्याच्या हौदापाशी गेलो की लांब हो म्हणायचे. आन मी त्याच आवाजाचा बोर्ड लावला, पोरीच्या फोटोसकट."

त्यानंतर वैशाली फोन करायची, पण आईला. काकांशी फक्त "गोळ्या घेतल्या का?" आणि बस.

मग आमच्याकडची निवडणूक आली.

एका उमेदवाराची माणसं दुकानात मजकूर घेऊन आली. जवळच्या एका वस्तीबद्दल होता. हे बाहेरून आलेत, यांना हाकला, असं यमक जुळवून. असले बोर्ड काकांनी पूर्वी छापलेत. त्यातल्या काहींचं शुद्धलेखन मी तपासलंय, हे इथे कबूल करते. लाज वाटते.

त्या दिवशी काकांनी कागद परत दिला.

"ह्यो मजकूर माझ्या मशीनवर न्हाय."

"काका, सीझन हाय. सगळं काम दुसरीकडं जाईल."

"जाऊ द्या."

गेलं. निवडणूकभर त्यांचं मशीन जवळजवळ बंद होतं. तो बोर्ड दुसऱ्याने छापला आणि आमच्याच चौकात लागला. काका रोज त्याच्याखालून मान खाली घालून दुकानात जायचे. मला फार वाईट वाटायचं.

मी म्हटलं, वैशालीला सांगते. तर माझ्यावरच चिडले.

"अजिबात न्हाय! तिला वाटंल, बाप माफीला निमित्त शोधतोय. इतकी वर्षं छापलंच की मी. एक न्हाय छापलं तर काय मोठं केलं?"

माझ्याकडून वचनच घेतलं.

आज सकाळी चहा पिता पिता काका गेले. कुणाला काही करायला वेळच मिळाला नाही.

वैशालीला येता येत नाहीये. व्हिसाचे नियम सारखे बदलतायत. एकदा बाहेर पडली तर परत आत घेतील की नाही, हे तिचा वकीलही सांगेना. नीलची शाळा तिकडे, नवऱ्याची नोकरी तिकडे. ती व्हिडिओ कॉलवर होती. फोन माझ्या हातात होता.

तिने एकच विचारलं.

"बाबा माझ्यावर चिडून होते का गं?"

मी वचन मोडलं. कागद परत दिला ते, मशीन बंद राहिलं ते, सगळं सांगितलं.

 

ती म्हणाली, "फोन जरा त्यांच्या कानाशी धर."

मी धरला. आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

बराच वेळ ती बोलत होती. माझा हात अवघडला, पण मी हलले नाही.

काका, सांगितलं मी तिला. रागावू नका.

अखेरचा जयभीम.