तिसऱ्या फोटोची तारीख

माझ्या शोधनिबंधांची यादी आता चार पानांची आहे. कुठं व्याख्यानाला गेलो की ओळख करून देणारा ती वाचायला घेतो आणि मी नम्र चेहरा करून खाली बघत बसतो. तो चेहरा मला छान जमतो. मेंदूच्या एमआरआयमधलं मोठं नाव, असं काहीबाही कानावर पडतं. यादीतल्या पहिल्या निबंधाविषयी मात्र लिहायचंच झालं तर असं आहे.

नव्वदच्या दशकात सुरतेत हे मशीन नवं होतं. मी एका खाजगी सेंटरमध्ये सरांच्या हाताखाली होतो. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीतला पहिला डॉक्टर, त्यामुळे डोक्यात हवा भरपूर आणि नावावर निबंध एकही नाही. सर येताजाता टोचायचे. अशात शेजारच्या वहिनींना फिट आली. आमच्याच खान्देशातल्या, नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, त्या घरी बसून साड्यांना टिकल्या लावायच्या. आई म्हणाली, "मशीनमा दखी ले ना तिले."

पाहिलं. मेंदूत डावीकडे छोटी, अंगठीसारखी गोल गाठ. सरांनी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाले, "सरस केस छे, जवा नहीं देतो." छान केस आहे, हातची घालवू नकोस. अशा गाठी कधीकधी आपोआप विरतात. फिटच्या गोळ्या द्यायच्या, तीन-तीन महिन्यांनी आणखी दोन फोटो फुकट काढायचे, की निबंध तयार.

बाकीचे पेशंट त्या नळकांड्यात घाबरायचे, हलायचे, फोटो बिघडवायचे. वहिनींना तो खडखडाट खात्यातल्यासारखाच वाटला. मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या मुठीत दिलं आणि शांत पडून राहिल्या. दुसऱ्या खेपेला बाहेर आल्यावर म्हणाल्या, "भाऊ, डोकं हलकं वाटस. आखो कव्हय येऊ?"

पुन्हा कधी येऊ, असं त्यांनी विचारलं तेव्हा कळलं की मशीन हाच उपचार, असं दोघं धरून चालली होती. ओळखीतल्या कुणा कॅन्सरवाल्याला मशीनखाली शेक दिलेला त्यांना माहीत होता, हाही शेकच. वहिनींनी तर गोळ्याही सोडल्या होत्या. मी रागावलो, गोळ्या घ्या म्हणालो. पण "हा नुसता फोटो आहे" एवढं साधं वाक्य काही तोंडातून काढलं नाही. नुसत्या फोटोसाठी खाडा करून नवरा तिसऱ्यांदा कशाला आला असता? मी हरामखोर होतो, वेंधळा नव्हतो.

त्या दुसऱ्या फोटोत गाठ वाढली होती, भोवती सूज होती. गाठीवरची आणि सुजेवरची औषधं त्याच दिवशी सुरू करायला हवी होती. मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. विरणाऱ्या गाठी सगळ्यांकडे होत्या. वाढताना टिपलेली फक्त माझ्याकडे. मी वहिनींना फक्त तिसऱ्या फोटोची तारीख दिली.

तारखेच्या आधीच एका सकाळी नवरा त्यांना रिक्षात घालून आला. घरी लागोपाठ फिट येऊन गेल्या होत्या. आता डोळे मिटलेले, हाकेला ओ नाही. थेट मोठ्या दवाखान्यात धाडायला हवं होतं. मी आधी मशीनमध्ये घेतलं. मग चिठ्ठी लिहून नवऱ्याच्या हातात दिली, "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणालो आणि फिल्म बघायला पळालो. इतका स्वच्छ फोटो मी तोवर काढला नव्हता. त्या जराही हलल्या नव्हत्या.

नवऱ्यानं चिठ्ठी खिशात ठेवली आणि त्यांना घरी नेलं. शेक तर झालाच होता, आता पडून राहिली की बरं वाटेल, असा त्याचा हिशेब. दुपारी आईचा फोन आला. वहिनी गेल्या होत्या.

त्याच आठवड्यात मी निबंध लिहून काढला. त्यात एक वाक्य आहे: सल्ला देऊनही नातेवाइकांनी रुग्णास रुग्णालयात दाखल केले नाही. खोटं काहीच नाही त्यात. सरांनी पाठ थोपटली.

दहाव्याला त्यांच्या घरी गेलो. नवऱ्यानं माझे दोन्ही हात धरले. रडत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तर तीनदा मशीन लायी. आमनंच नशीब खोटं."

"हां भाऊ, नशीब," मी म्हणालो आणि त्यानं पुढे केलेला चहा घेतला.