चातुर्मासात सोडलेलं लिहिणं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे पाथरीतली आमची गल्लीसुद्धा सांगेल. त्या रागानंच मला गोत्यात आणलं.

आषाढी एकादशीची संध्याकाळ होती. आमच्या घरी त्या दिवशी देवापुढं बसून प्रत्येकानं चातुर्मासात काय सोडणार ते सांगायचं, तळहातावर पाणी घ्यायचं आणि ताम्हणात सोडायचं. पाणी सुटलं की नेम पक्का, मग चार महिने हूं की चूं नाही. माझ्या सासूनं, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, वांगं सोडलं. वांगं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मग त्या माझ्याकडं वळल्या.

"कारलं," मी म्हणाले.

"मागल्या साली शेपू, त्याच्या आदल्या साली दोडका. तुला न आवडणारंच सोडतीस आन् देवाला फसवतीस व्हय गं?"

माझी नऊ वर्षांची लेक फिसकन हसली. झालं! माझं डोकं फिरलं. "मंग लिहिणं सोडते! झालं समाधान?" पळीतलं पाणी माझ्या हातावर पडलेलंच होतं. रागाच्या झटक्यात मी हात उपडा केला.

आणि मग कळलं, आपण काय करून बसलो. माझ्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. प्रकाशकाला ते दिवाळीच्या आधी हवं होतं आणि चातुर्मास संपणार दिवाळीनंतर. मी कितीही तोंडाळ असले तरी देवापुढं सोडलेलं पाणी परत घ्यायची माझी हिंमत नाही. माझी श्रद्धा भांडकुदळ आहे, पण आहे.

त्या कादंबरीसाठी तीन वर्षं माझी काय तारांबळ उडाली होती! लेकीला मी शाळेतून काढून घरी शिकवत होते. ती लय सावकाश लिहायची म्हणून वर्गातली पोरं हसायची, आणि सकाळी दप्तर बघूनच तिला उलटी व्हायची. माझा नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. "मास्तराचीच लेक घरी!" असं लोक चिडवायचे. "आमच्या घरची हेडमास्तरीण कडक हाय," म्हणून हे मोटरसायकलला किक मारायचे. सकाळी गणित, मग स्वयंपाक, दुपारी भाषा, आणि मधल्या फटीत माझी पानं. हे सगळं जमत होतं ते आत्याबाईंमुळं. मी वही उघडली की त्या एक शब्द न बोलता भाकरीचं पीठ मळायला घ्यायच्या. तीन वर्षांत एकदाही त्यांनी ते बोलून दाखवलं नाही.

नेम घेतल्यावर आठ दिवस मी नुसती भांडी आपटत होते. नवव्या दिवशी आत्याबाईंनी पोथी मिटली.

"पोरीला रोज शुद्धलेखन घालतीस ना? मंग तुझंच घाल की. तू सांग, ती लिहील."

"ते चालतं का देवाला?"

"देवाचं मी बघते. तू आधी भांडी आपटायची थांब. कढईचा कान निघालाय."

काय बाई आहे ही! चौथी शिकलेली, पण मला आठ दिवसांत जे सुचलं नाही ते हिनं पोथी वाचता वाचता सोडवलं.

दुपारी शुद्धलेखन सुरू झालं. लेक एकेक अक्षर कोरून काढायची, तोवर मला थांबावं लागायचं. थांबल्यावर कळायचं की माझे निम्मे शब्द फुकटचे आहेत. "आई, हे तू दोनदा सांगितलंस," असं ती ऐटीत सुनावायची. पहिल्या आठवड्यात दोन ओळींत रडणारी पोर गणपतीपर्यंत दोन पानं लिहायला लागली. अक्षर तसंच गोगलगाईचं, पण रडणं गेलं. मला तिचा इतका अभिमान वाटायचा की सांगायची सोय नाही.

अडचण एकच होती. आत्याबाई शेजारी वाती वळत बसायच्या आणि सगळं ऐकायच्या. शेवटच्या प्रकरणात होत्या त्या स्वतः.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वैशाखात माझे वडील मला माहेरी न्यायला वालूरहून आले होते. एसटीनं, भर दुपारी. "घरात कामं हायेत, पाठवायची न्हाई," म्हणून आत्याबाईंनी त्यांना दारातूनच परतवून लावलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. मी चुलीपाशी होते, तशीच भाकऱ्या भाजत राहिले. वडील आता नाहीत. त्या दुपारबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नव्हतो. सगळी कादंबरी मी त्या दारापर्यंत पोचायला लिहीत होते.

तो दिवस आलाच. मी सांगत होते, लेक लिहीत होती. सुनेचा बाप दारात उभा राहिला. पाठवायची नाही, असं सासू म्हणाली. मग माझी जीभ अडली. जिनं तीन वर्षं माझ्यासाठी पीठ मळलं, तिला तिच्या नातीसमोर खाली बघायला कसं लावू?

"मग सासूनं त्याला तांब्याभर पाणी दिलं," मी म्हणाले. लेकीनं ते लिहिलं. पुस्तक तिथंच खोटं पडलं, हे मला कळत होतं.

आत्याबाईंचे हात थांबले. "न्हाई दिलं," त्या म्हणाल्या.

"आजी, तुला काय माहीत? आईची गोष्ट हाय ती."

"मला ठाऊक हाय. खोड ते. पाणी न्हाई दिलं म्हणून लिही."

"राहू द्या हो, आत्याबाई," मी म्हणाले. मला रडू आवरेना.

"तू गप. खोटं लिहायला शिकवायचं म्हणून घरी बसवलीस व्हय पोरीला?"

लेकीनं ओळ खोडली आणि नवी लिहायला घेतली. आत्याबाई तिच्या पेनाकडं बघत राहिल्या. तिचं शेवटचं अक्षर पुरं होईपर्यंत त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "रांजण भरलेला व्हता. ते बी लिही."